आरसीसीबी सारखा पडायलाय, वायरमन म्हणतो काढून टाका. डब्यात न्यूट्रल आन अर्थ एकत्र जोडायचं असतं का?

औसारोड_मास्तर
नमस्कार मंडळी. घर लातूरला, बांधकाम २००९ चं. गेल्या महिन्यात आईला मोरीतल्या वॉशिंग मशीनचा करंट बसला. जोरात नाही, "मुंग्या आल्यागत झालं" म्हणाली, पण ती सत्तरीची, फरशी ओली, माझ्या पोटात गोळाच आला. दुसऱ्याच दिवशी दुकानातून आरसीसीबी (करंट गळाला की आपोआप लाईन तोडणारा स्वीच) आणला, ४० अँपियर, ३० मिलिअँपियरवाला, आन नेहमीच्या वायरमनकडून मेन स्वीचनंतर बसवून घेतला. तेव्हापासून घरात शांतता नाही. बल्ब, पंखे लावले तर टिकतो, मिक्सर लावला की खट्‌कन खाली. बोअरची मोटर लावली की खाली. आन सगळ्यात कहर म्हणजे संध्याकाळी सातच्या सुमाराला काही न लावता आपोआप पडतो. सगळे एमसीबी (खोल्याखोल्यांचे छोटे ब्रेकर) खाली करून बघितले, तरी पडतो!

वायरमन म्हणायलाय, "सर, हे पुण्या-मुंबईकडं चालतं, आपल्याकडली लाईनच तसली हाय, काढून टाका." मी डब्याचं झाकण काढून बघितलं तर न्यूट्रलच्या पट्टीवरून एक काळी वायर सरळ अर्थच्या पट्टीवर गेलेली. विचारलं तर म्हणाला, "अर्थिंग कमजोर होतं म्हणून जोडून दिलंय, पावर भेटते." मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणजे ओहमचा नियम फळ्यावर येतो, डब्यात येत नाही. हे असं जोडायचं असतं का?

हुरडा_पार्टी
"पावर भेटते" 😂 अर्थिंगला काय च्यवनप्राश दिलाय का.

बीडची_लेक
सासरी फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच शिकवलं, फ्रीज उघडायच्या आधी उलट्या हातानं बोटं टेकवून बघायची आन चप्पल घालूनच उघडायचा. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असंच असतं. वाचतेय.

रेगडमाती
मास्तर, जास्त डोकं लावू नका. आमच्या वडलांनी परभणीच्या घरात तीस वर्षांपूर्वी असंच जोडून घेतलं, आजपर्यंत काही झालं नाही. आन मला एक सांगा, डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) कंपनी सोता न्यूट्रल जमिनीत गाडते का नाही? मग तिथं जोडलेलं चालतं आन घरात जोडलं की पाप, हे कसं?

तारतंत्री
मी वाळूजला २२ वर्षं मेंटेनन्समधे होतो, आता रिटायर, त्यामुळं टाईपायला वेळच वेळ आहे, लांबण लागली तर सहन करा.

मास्तर, तुमचा आरसीसीबी एकदम तब्येतीत आहे. तो फक्त एकच हिशेब करतो, फेजमधून गेलेला करंट आन न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का. फरक ३० मिलिअँपियरला पोचायच्या आतच तो पडतो. आता तुमच्या डब्यात, आरसीसीबीच्या पुढं, म्हणजे घराच्या बाजूला, न्यूट्रल आन अर्थ जोडलेत. म्हणजे परत जाणाऱ्या करंटला दोन वाटा झाल्या, एक न्यूट्रलच्या वायरनं, दुसरी अर्थच्या खड्ड्यातून, जमिनीतून, थेट डीपीच्या अर्थिंगपर्यंत. समजा न्यूट्रलच्या वायरचा रोध अर्धा ओहम आन जमिनीतल्या वाटेचा बारा ओहम. ५०० वॅटचा मिक्सर सव्वादोन अँपियर घेतो, त्यातले जवळपास ९० मिलिअँपियर जमिनीच्या वाटेनं पळाले. तीसला पडणारा नव्वदला पडणार नाही तर काय करील. एलईडी बल्ब पाच-पन्नास मिलिअँपियरचा, त्यातले दोन-तीनच जमिनीत जातात, म्हणून बल्बवर टिकतो.

आता सातचं कोडं. सातला सगळी गल्ली टीव्ही, कूलर, मोटरी लावते, गल्लीच्या न्यूट्रलवर दोन-चार व्होल्ट चढतात, आन तो करंट तुमच्या जोडणीतून तुमच्या खड्ड्यात उतरतो. तुमच्या घरात काहीही चालू नसलं तरी. आन एमसीबी पाडून फरक कामून पडत नाही? तुमचे एमसीबी एकेरी आहेत, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो.

रेगडमाती, तुमचा प्रश्न चांगला आहे. डीपीवर न्यूट्रल गाडतात, तोही दोन वेगवेगळ्या अर्थिंगला, कारण तिथून पुढं न्यूट्रलला जमिनीचा आधार मिळतो. घरातल्या अर्थचं काम वेगळं. घरातला अर्थ हा रिकामा रस्ता पाहिजे, फक्त बिघाड झाला तरच त्यावरून कुणी जाणार. तुम्ही त्यावर रोजची रहदारी सोडली.

रेगडमाती
तीस वर्षं रहदारी चालली ना पण.

मुरूमाड
चालते, न्यूट्रल तुटेपर्यंत. आमच्या गल्लीची गोष्ट सांगतो, गाव जालना जिल्ह्यातलं. वळवाचा पाऊस आला, लिंबाची फांदी तारेवर पडली आन खांबावरचा न्यूट्रल तुटला. फेज शाबूत. पलीकडच्या आळीत थ्री फेजवर घरं वाटलेली, तिथं काहींना चारशेच्या जवळ व्होल्टेज गेलं, टीव्ही उडाले. ते सगळ्यांना दिसलं. पण आमच्या शेजारच्या काकांकडं जे झालं ते कुणालाच आधी कळलं नाही. त्यांच्या घरात न्यूट्रल आन अर्थ जोडलेले. आता करंटला परत जायला वायरच नाही, तर तो पंख्यातून, बल्बमधून येऊन न्यूट्रलच्या पट्टीवर, तिथून अर्थच्या पट्टीवर, आन अर्थच्या वायरीनं घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या बॉडीवर. खड्डा उन्हाळ्यात वाळून कोरडा ठाक झालेला, तो काही ओढून घेईना. काकू कूलरमधे पाणी भरायला गेल्या, पत्र्याचा कूलर, खाली पाणी सांडलेलं. फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या, चिकटल्या असत्या तर आज मी हे लिहीत नसतो. हातावर अजून डाग आहे.

आन बल्ब मिणमिणत चालू होते. त्यामुळं कुणाला वाटलंच नाही की न्यूट्रल गेलाय.

रेगडमाती
हे माहीत नव्हतं. बोललेलं मागं घेतो. आज वडलांना फोन करतो.

डल्लासकर_उदगीरचा
इथं मला गोंधळ व्हायलाय. मी टेक्सासमधे असतो, मूळ उदगीरचा. मागच्या वर्षी घर घेतलं तेव्हा इन्स्पेक्टरनं गॅरेजमधल्या दुसऱ्या पॅनेलवर शेरा मारला की न्यूट्रल आन ग्राउंड एकाच पट्टीवर आहेत, वेगळे करा. इलेक्ट्रिशियननं एक नवी पट्टी थेट डब्याच्या पत्र्याला स्क्रूनं बसवली, सगळ्या उघड्या तांब्याच्या आन हिरव्या वायरी तिकडं नेल्या, पांढऱ्या न्यूट्रल जुन्या पट्टीवर ठेवल्या, आन जुन्या पट्टीला पत्र्याशी जोडणारा हिरवा स्क्रू काढून माझ्या हातावर ठेवला. पण मेन पॅनेलमधे मात्र न्यूट्रल-ग्राउंड जोडलेलेच पाहिजेत म्हणाला, ते काढायचे नाहीत! मग इकडं मेनला जोडा आन तिकडं जोडू नका, विजेचे नियम समुद्र ओलांडला की बदलतात का?

तारतंत्री
वीज तीच, पद्धत वेगळी. तुमच्याकडं घराला ग्राउंडची वेगळी वायर खांबावरून येत नाही, न्यूट्रलच येतो, आन मेनमधल्या त्या जोडामुळं बिघाडाचा करंट तांब्या-ॲल्युमिनियमच्या वायरीनंच परत जातो, शेकडो अँपियर वाहतात, ब्रेकर लगेच पडतो. जोड एकदाच, एकाच जागी. पुढच्या पॅनेलला चार वायरी जातात, दोन फेज, न्यूट्रल, ग्राउंड, तिथं परत जोडलं की तीच रहदारीची भानगड. तुमचा इन्स्पेक्टर बरोबर होता. अन्‌ हो, तुमच्याकडंही जुन्या घरांत कपडे वाळवायच्या मशीनची बॉडी न्यूट्रललाच जोडायची सूट होती, नव्या घरांसाठी १९९६ ला ती बंद झाली, म्हणून आता चार पिना.

आपल्याकडं खेड्यात आन बऱ्याच शहरात ग्राहकाचा अर्थ म्हणजे त्याचा सोताचा खड्डा. बिघाडाचा करंट मातीतून जाणार. आता गणित करा मास्तर, फळा घ्या. फेज बॉडीला चिकटला. तुमचा खड्डा १० ओहम, डीपीचा २. २३० भागिले १२, म्हणजे एकोणीस अँपियर. ३२ चा एमसीबी एकोणीसला हलणार पण नाही. आन बॉडीवर एकोणीस गुणिले दहा, १९० व्होल्ट बसून राहणार. खड्डा चांगला असूनही! म्हणून आपल्या पद्धतीत आरसीसीबी हौस नाही. आन त्याला खड्डा फार भारी लागत नाही, ३० मिलिअँपियरला ५० व्होल्ट गाठायला सोळाशे ओहमच्या वर रोध लागतो.

औसारोड_मास्तर
उद्या नववीला हेच गणित घालणार. पण मग ती काळी वायर काढून टाकू का आत्ताच? स्क्रू ड्रायव्हर हातात आहे.

तारतंत्री
ठेवा खाली!!

वायर_अँड_वांगं
मी लायसनवाला वायरमन आहे, नांदेड. तारतंत्री काका बरोबर ओरडले. ती वायर चालू लाईनवर काढली आन तुमचा खांबावरचा न्यूट्रल आधीच लूज असला तर सगळं घर त्या काळ्या वायरीवरून खड्ड्याच्या जिवावर चालायलंय, वायर सोडली की एका हातात फेज. आधी मीटरजवळचा दोन्ही वायरी तोडणारा मेन पाडा, मल्टीमीटरनं खरंच मेलंय का बघा, मग हात घाला. आन मीटरवर लाल दिवा बघा, अर्थचं चिन्ह असलेला किंवा ईएल लिहिलेला. आपले नवे मीटर फेज आन न्यूट्रल दोन्ही मोजतात, फरक दिसला की तो दिवा लागतो आन बिल ज्या वायरीत जास्त त्याच्यावर. काहींना वाटतं मीटर बिघडला, कंपनीला चोरी वाटते, आन असतंय डब्यातलं हे जोडकाम.

टेस्टरवर भरवसा ठेवू नका. मल्टीमीटरचा पण एक गोंधळ सांगतो, फेज आन अर्थमधे २३० दाखवलं म्हणजे अर्थिंग झकास असं नाही, मीटर करंटच घेत नाही, मेलेला खड्डा पण २३० दाखवतो. जुने लोक १०० वॅटचा बल्ब फेज-अर्थला लावायचे, मंद जळला की समजायचं, अर्थिंग कमजोर. आरसीसीबीच्या पुढं लावला तर तो पडणार, ते विसरू नका, नाहीतर परत धागा काढाल.

हुरडा_पार्टी
आयडी काय घेतलाय राव, वायर अँड वांगं 😄 भरलेलं का?

वायर_अँड_वांगं
भरलेलं. दुपारी काम, संध्याकाळी बायकोच्या खानावळीत वाढपी.

गोदाकाठ
मंडळी, विषय चालूय म्हणून. आमच्याकडं इन्व्हर्टर बसवला की आरसीसीबी पडतो, लाईट आली की लगेच. तिथं पण हेच का?

वायर_अँड_वांगं
तिथं बहुतेक वेगळं. इन्व्हर्टरला फेज आरसीसीबीच्या आधीचा दिला असेल आन इन्व्हर्टरवरच्या खोल्यांचा न्यूट्रल मात्र आरसीसीबीनंतरच्या पट्टीवर बसला असेल. गेलं एका दारानं, आलं दुसऱ्या. इन्व्हर्टरचा फेज आन न्यूट्रल दोन्ही एकाच बाजूचे घ्या, नाहीतर इन्व्हर्टरच्या लोडचा न्यूट्रल वेगळ्या पट्टीवर न्या. आन बेडरूमचा फेज एका एमसीबीवरून, न्यूट्रल हॉलच्या आरसीसीबीतून, अशी उसनवारी केलेली असली तरी तसंच होतं.

पत्र्याचं_घर
शेतावर तर याच्या पुढची कला आहे. न्यूट्रल गेला की लोक फेज आन एक सळई जमिनीत ठोकून बल्ब लावतात. आमच्या शेजाऱ्यानं तशी मोटरच चालवली होती. सळईपाशी म्हैस जाईना. चारा टाकला तरी जाईना. हा म्हणे म्हशीला बाहेरचं झालंय, लिंबू उतरवलं. चार पायांत अंतर जास्त, जमिनीवर व्होल्टेजचा फरक तिला आधी कळतो. माणसाच्या पायात चप्पल, त्याला काय कळणार.

बीडची_लेक
म्हैस वाचली का?

पत्र्याचं_घर
वाचली. लिंबाचंच नाव झालं.

गोदाकाठ
खड्ड्याबद्दल पण बोला कुणीतरी. आमच्याकडं वर काळी माती, चार फुटावर पाषाण. उन्हाळ्यात माती अशी भेगाळते की हात जातो आत. पाईपभोवती मोकळी हवा राहते, अर्थिंग कशाला लागणार.

तारतंत्री
आयएस ३०४३ मधे (अर्थिंगचं भारतीय मानक) जीआय पाईपचा इलेक्ट्रोड कमीत कमी ३८ मिलिमीटर आतला व्यास आन अडीच मीटर लांब सांगितलाय. पाषाण लागला की लोक पाईप कापतात, चार फुटावर पुरून वर सिमेंट करतात, संपलं. कापू नका, जागा बदला, मोरीच्या पाण्याच्या जवळ घ्या, नाहीतर दोन घ्या लांब अंतरावर आन जोडा. कोळसा-मीठ टाका, वरती नरसाळं ठेवा आन चैत्र-वैशाखात आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

हुरडा_पार्टी
लातूरकरांना सांगायलात होय हे? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्याकडं. माणसाला घागर मिळेना आन खड्ड्याला बादली 😂

तारतंत्री
म्हणून तर म्हणतोय आरसीसीबी बसवा, त्याला पाणी लागत नाही. मोरीचं सांडपाणी घाला की.

औसारोड_मास्तर
(चार दिवसांनी) उशीर झाला, पेपर तपासणी होती. वायर_अँड_वांगं भाऊंनी इथल्या एका लायसनवाल्याचा नंबर व्यक्तिगत निरोपात दिला, आज ते आले. सगळं लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी मीटरवरचा दिवा बघितला, लालच. दोन वर्षं तो लालच आहे, मला वाटायचं मीटर चालू असल्याची खूण. मेन पाडला, काळी वायर काढली, आरसीसीबी लावला. मला वाटलं जिंकलो. मिक्सर लावला, परत खट्‌. तेव्हा ते हसले, म्हणाले, "सर, एक दिसला म्हणजे एकच असतो असं नाही." परत मेन पाडला, न्यूट्रलच्या पट्टीवरच्या सगळ्या वायरी एकेक करून सोडल्या, प्रत्येकीला चिठ्ठी, आन मीटर बीपवर ठेवून प्रत्येक वायर अर्थच्या पट्टीशी लावून बघत गेले. हॉल, शांत. वरचा मजला, शांत. स्वयंपाकघर, शांत. चौथी लावली आन बीप.

चौथी म्हणजे मोरी. वॉशिंग मशीनचा १६ अँपियरचा सॉकेट उघडला. मागं अर्थच्या पिनेवरून न्यूट्रलच्या पिनेवर काळ्या वायरीचा बोटभर तुकडा. बसवून टेप पण गुंडाळलेली, व्यवस्थित. स्क्रू गंजलेला, न्यूट्रलची वायर हलवली तर हलत होती. त्यांनी मला ते हलवून दाखवलं आन विचारलं, "ही वायर अजून थोडी ढिली झाली असती तर मशीनचा करंट कुठून गेला असता?" मी काही बोललो नाही. आई दारात उभी होती.

मग त्यांनी अजून एक सांगितलं जे मला झोपू देईना. खांबावर काम करताना कुणी फेज आन न्यूट्रल उलटे लावले तर घरात काही कळत नाही, बल्ब तसाच जळतो. पण असा तुकडा असलेल्या सॉकेटवर न्यूट्रलच्या पिनेला फेज येतो, तो तुकड्यातून सरळ मशीनच्या बॉडीवर. २३० च्या २३०.

तुकडा काढला. सगळे सॉकेट उघडायला लावले, अजून एक निघाला, जुन्या फ्रीजच्या बोर्डात. खड्डा त्यांच्या अर्थ टेस्टरवर ३८ ओहम आला. शेवग्यापाशी नवा घेतला, तिथं साडेसहा फुटाला पाषाण लागला म्हणून दोन पाईप तिरके गाडले आन जोडले, आता ९.

मुरूमाड
मीटरचा दिवा?

औसारोड_मास्तर
गेला. न्यूट्रल-अर्थमधे मोटर चालू असताना दोन व्होल्ट दाखवतंय, ते म्हणाले थोडं दिसायलाच पाहिजे, एकदम शून्य दिसलं तर परत कुठंतरी जोडलेलं असतंय.

रेगडमाती
परभणीचा अहवाल. वडील म्हणाले काही उघडायचं नाही, तीस वर्षांचं आहे. मग मुरूमाड यांची काकूंची गोष्ट वाचून दाखवली. उद्या वायरमन येतोय.

औसारोड_मास्तर
(अकरा दिवसांनी) आरसीसीबी आज सकाळी परत पडला! अकरा दिवसांत पहिल्यांदा. जुना वायरमन भेटला असता तर म्हणाला असता, बगा सांगितलं होतं. पण यावेळेस नवीन पद्धतीनं शोधलं, गिझर काढला की टिकतो, लावला की पडतो. एलिमेंटला बारीक चीर, पाणी आत. हे काय नवीन नसणार, कधीपासून होतं कुणास ठाऊक. गिझर दुरुस्तीला दिलाय, आई खूश आहे, म्हणते बंबातल्या पाण्यानं अंग मोकळं होतं.

हुरडा_पार्टी
बंबाला अर्थिंग केलं का?

बीडची_लेक
आत्ता सासूबाई झोपल्यात म्हणून फ्रीजच्या बोर्डाचं झाकण काढलंय. आत काळ्या वायरीचा तुकडा आहे, दोन पिनांच्या मधे, मास्तर म्हणतात तसाच. फोटो काढून टाकू का?

तारतंत्री
फोटो नंतर. हात मागं घ्या ताई, आधी मेन पाडा.